दोन सिलिंडरवर साक्षगंधाला

माझ्या साळ्याच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, मी वेळेवर पोचलो. साळा पोचला नाही. दोष गाडीचा होता असं मी आजही म्हणतो, आणि माझी बायको माया आजही म्हणते, "त्या मुक्या गाडीवर ढकलू नका!"

गाडी जुनी, पेट्रोलची, स्वभावानं गरीब. पण महिनाभरापासून उभी राहिली की हिव भरल्यासारखी थरथरायची. मध्येच इंजिनाचा एक ठोका चुकायचा. मी मोबाइलवर अकरा व्हिडिओ पाहिले आणि निदान केलं : मिसफायर! चारपैकी एका सिलिंडरला ठिणगीच पोचत नाही.

"मिस्त्रीले दाखवा ना," माया म्हणाली.

"त्याले काय दाखवू? मलेच समजलं सारं!"

साक्षगंधाच्या दिवशी सकाळीच कारंजा गावात, आमच्या अंगणात, मी बॉनेट उघडलं. (एवढा शुभ दिवस पुन्हा कधी मिळणार?) चार प्लग, त्यांना चार जाड काळ्या वायरी. व्हिडिओतला माणूस ओरडून सांगत होता, 'एका वेळी एकच वायर काढा!' मी चारही काढल्या. पुसायला सोपं जातं. मग आठवतील तशा परत लावल्या.

चावी फिरवली. इतके दिवस गाडी नुसती थरथरत होती. आता सायलेन्सरमधून आवाज निघाला, धाड! शेजारचे काका हातातल्या चहासकट घरात पळाले.

नवरदेव म्हणजे माझा साळा प्रवीण, नवा कोरा क्रीम रंगाचा कोट घालून दारात उभा. "भाऊजी, आपण बसनं जाऊ ना."

"नवरदेव बसनं जाते का रे? अंदरचा कचरा निंघून राह्यला तिचा. बस!"

मुलीचं गाव आष्टी. पुढं मी आणि माया, मागं प्रवीण. हायवेवर एका ढाब्यासमोर ट्रक आडवा आला, मी वेग कमी केला आणि गाडीनं मान टाकली. चावीनं काही होईना. शेवटी नवरदेवानं कोटाच्या बाह्या सारल्या आणि धक्का दिला. धाड! सुरू झाली! आता अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की पुन्हा बंद पडणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"प्रवीण, पय! चालत्या गाडीत बस!" मी ओरडलो आणि पाय दाबला.

प्रवीण पळाला. गाडी त्याच्यापेक्षा जोरात पळाली.

"अवो, प्रवीण राह्यला!" माया ओरडली. धाड!

"पेट्रोल? हाये ना, अर्धी टाकी!"

"पेट्रोल नाई, प्रवीण! मांगं राह्यला थो!"

हे माझ्या कानात शिरेपर्यंत ढाबा कुठल्या कुठे गेला होता.

"मंग फिरवा ना गाडी!"

"फिरवली अन् बंद पडली, तं धक्का कोण देईन?"

मायानं मला नजरेनंच भाजून काढलं. तिनं प्रवीणला फोन लावला. तो मागच्या सीटवर वाजला.

"आता आष्टीलेच थांबतो," मी दात आवळून म्हणालो. "तिकडून गाडी पाठवू त्याले."

आष्टीत शिरलो ते धाड-धाड करतच. मुलीकडच्यांना वाटलं, पाहुणे फटाके फोडत आले. बँडवाल्यांनी जोर धरला. दार उघडून उतरतो न उतरतो तोच माझ्या अंगावर फुलं पडली आणि गळ्यात जाडजूड हार आला.

"नवरदेव जराक वयस्कर हाये, माय," एक म्हातारी म्हणाली.

आत बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोंसमोर मेणबत्त्या लागल्या होत्या, मंडळी वंदनेसाठी खोळंबली होती. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "नवरदेव कुठी हायेत?"

"येऊन राह्यले."

"कायनं?"

कशानं, हे मात्र मलाही माहीत नव्हतं. त्यांनी मोटरसायकल काढायला सांगितली, तेवढ्यात संत्र्यांनी भरलेली एक पिकअप येऊन थांबली. क्रेटवर प्रवीण! केसांत संत्र्याची पानं, क्रीम कोटावर काळे पंजे. त्यानं सगळ्यांना हात जोडले, मला सोडून. आता लग्न मोडतं की काय, म्हणून मला घाम फुटला. पण मुलगी खिडकीतून त्याचा अवतार पाहून इतकी हसली, की तिला खाली बसवावं लागलं. माझा जीव भांड्यात पडला.

अंगठ्या घालून झाल्यावर मुलीचे काका बॉनेटपाशी आले. जन्म ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात गेलेला. मी अदलाबदल केलेल्या दोन वायरी त्यांनी आधी जागेवर लावल्या. मग चालू इंजिनावर पक्कडीनं एकेक वायर काढून पाहिली. पहिली काढली, इंजिन गुदमरलं. दुसरी काढली, तेच. तिसरी काढली, तर इंजिनाला पत्ताच नाही.

"ज्याले काढल्यानं काईच फरक पडत नाई, खराबी तिथंच," ते म्हणाले. (माझ्याकडं बघून म्हणाले, असं मला उगाच वाटलं.)

अदलाबदलीतल्याच त्या वायरीला केसाएवढी चीर गेली होती; म्हणजे आम्ही दोनच सिलिंडरवर आलो होतो. बाजारातून नवी आणून लावली, आणि गाडी मांजरीसारखी घुरघुरायला लागली.

"बिमारी तं तुमी बराबर ओयखली होती, जवाईबुवा," काका हात पुसत म्हणाले. "इलाजात गेलं. कॉलेजात शिकवता म्हने? काय शिकवता?"

गेली एकवीस वर्षं मी बारावीला फिजिक्स शिकवतो. त्यातही वीज हा माझा खास विषय.

"मराठी," मी म्हणालो.

"त्यातही व्याकरण," माया घाईघाईनं म्हणाली.