बाबांना झोप लागेल अशी गाडी

गाडीवाल्यांच्या घरात किस्से जमवावे लागत नाहीत. बाबा जव्हारच्या स्टँडवरून आले की हातपाय धुवायच्या आत एक सांगून होतो, दुसरा जेवताना, आणि तिसरा सांगायला लागले की शेजारून अण्णाकाका येतात आणि तो दुरुस्त करतात. मी लहानपणापासून ऐकतेय. पूर्वी हसायचे, आता भांडते.

भांडणाचं कारण आधी सांगते. बी.कॉम. झाल्यावर मी गाडीचं लायसन्स काढलं, मग प्रवासी गाडी चालवायचा बॅज काढला. दाभोशाला धबधब्याकडे एका ताईंनी पर्यटकांसाठी खोल्या बांधल्यात. पाहुण्यांना नाशिकहून आणायचं आणि परत सोडायचं, हे काम त्यांना मला द्यायचंय. मलाच. "माझ्याकडे बायका-पोरी एकट्या येतात गं. चालवणारी बाई असली तर त्या निवांत बसतील," असं त्या म्हणाल्या. दिवाळीपर्यंत नक्की सांग, नाहीतर नाशिकची गाडी लावते, असंही म्हणाल्या.

म्हणजे काम आहे, बॅज आहे, दारात गाडीही आहे. चावी बाबांच्या खिशात आहे.

* * *

आताची गाडी यायच्या आधी बाबांकडे काळीपिवळी जीप होती. जव्हार, मोखाडा, खोडाळा. ती किती माणसांसाठी बनवली होती ते कंपनीने लिहून दिलेलं होतं, पण बाबांना ते मान्य नव्हतं. "लिहिणारा कधी मोखाड्याला आलाय का?" एवढं विचारून ते विषय मिटवायचे.

एकदा मला मैत्रिणीच्या हळदीला मोखाड्याला जायचं होतं. जीपमध्ये पाचच माणसं आणि बाबा गाडी भरायची वाट बघत बसलेले. मी डोकं खाऊन खाऊन त्यांना निघायला लावलं. तर सूर्यमाळची सोमीआजी गाडीत चढेना. टोपली घेऊन खालीच उभी.

"भरू दे ना बाय आधी. रिकाम्या गाडीत बसून हाडं मोडून घेऊ काय?"

मी तिला सांगायला लागले की आजी, ऐसपैस बसायला मिळतंय, आरामात जाशील. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू कॉलेजात काय शिकवतात ते तिला आज कळलं. तरी बसली बिचारी.

पहिल्या वळणाला एक मामा या खिडकीतून त्या खिडकीपाशी पोचले. दुसऱ्या वळणाला परत आले. कुणाचा तरी डबा उघडला, कुणाची तरी कोंबडी सुटली, माझं डोकं वरच्या दांड्यावर आपटलं. शेवटी सोमीआजीने गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याने चालत निघालेल्या माणसांना स्वतःच हाका मारल्या. "या रं, बसा. आम्हाला दाबून बसा." कोपरसुद्धा हलवता येईना एवढी गाडी भरल्यावर ती समाधानाने डोळे मिटून झोपली. मग सगळेच झोपले.

मी अर्धी गिअरवर, अर्धी मामांच्या पिशवीवर. बाबा आरशातून म्हणाले, "कळलं का आता? आराम म्हणजे माणूस हलला नाही पाहिजे."

* * *

जीपचं वय झालं तेव्हा ठरलं की आता लांबच्या प्रवासाला आरामदायी अशी सात सीटची गाडी घ्यायची. अण्णाकाका लगेच कामाला लागले. अण्णाकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, निवृत्त मास्तर. त्यांनी आयुष्यात सायकलशिवाय काहीही चालवलेलं नाही, त्यामुळे गाड्यांबद्दल त्यांना कसलीच शंका नसते.

नाशिकच्या शोरूमला आम्ही चौघं गेलो. बाबा, अण्णाकाका, काकी आणि मी. आई आली नाही. ती म्हणते, मी चालत बरी.

चकाचक गाडी बघून अण्णाकाका म्हणाले, "चपला बाहेर काढा." गाडीच्या दाराशी आमच्या चार जोड्या ओळीने लागल्या. सेल्समन बिचारा लंबर सपोर्ट आणि क्रूझ कंट्रोल सांगत होता. बाबांनी त्याला थांबवलं.

"ते राहू द्या. वहिनींना आत बसवतो. वहिनींना झोप लागली तर गाडी घेतो."

याला कारण आहे. काकीला कुठलीही गाडी लागते. एस.टी. लांबून येताना दिसली तरी ती लिंबू शोधायला लागते. तेव्हा बाबांच्या मते काकी झोपली म्हणजे गाडी पास. गाडी जागेवर उभी आहे, हलत नाही, मग परीक्षा कसली, असं मी म्हणाले. "तू मध्ये बोलू नको," असं दोन्ही भाऊ एकदम म्हणाले.

पहिल्या गाडीतून काकी नाकाला पदर लावून उतरली. दुसरीत ती सेल्समनशीच गप्पा मारत बसली. त्याचं गाव तिच्या माहेराजवळचं निघालं. तिसरीत मात्र तिने डोकं मागे टेकलं आणि घोरायला लागली. आम्ही तिघं काचेला नाक लावून बघतोय.

"मग बुक करू या ना सर?" सेल्समन म्हणाला.

"हळू बोला. उठेल ती."

तेवढ्यात एक कुटुंब तीच गाडी बघायला आलं. सेल्समनने त्यांना कुजबुजत सांगितलं, "मॅडम झोपल्यात, जरा थांबा." त्या गृहस्थांनी आत डोकावून काकीकडे नीट बघितलं, बायकोकडे बघितलं आणि काउंटरवर जाऊन गाडी बुक करून टाकली. पांढऱ्या रंगातली ती एकच होती.

आम्हाला चॉकलेटी मिळाली.

* * *

गाडी घरी आली, पण सीटवरचं प्लास्टिक काढायचं नाही, असा हुकूम. प्लास्टिकवर बसून माणूस घसरतो, म्हणून काकीने त्यावर टॉवेल घातले. टॉवेल मळू नयेत म्हणून विणलेली कव्हरं घातली. ती उसवू नयेत म्हणून चादरी. एवढ्या थरांवर अण्णाकाका बसले तर त्यांचं डोकं छताला लागलं.

"कसं वाटतं?" बाबांनी विचारलं.

"उंचावरून दरी छान दिसते," अण्णाकाका मान वाकडी करून म्हणाले.

एका दुपारी मी सगळं उपसलं आणि ब्लेडने प्लास्टिक फाडून काढलं. बाबा माझ्याशी बोलायचे बंद झाले. जे काही सांगायचं ते मी समोर असताना आईला सांगायचे. फाडलेलं प्लास्टिक मात्र त्यांनी घडी करून डिकीत ठेवलं. गाडी विकताना परत लावणार आहेत.

* * *

पट्ट्याचा मामला वेगळाच. पुढच्या सीटवर पट्टा लावला नाही की गाडी टुंग टुंग करते. अण्णाकाकांना तो अपमान वाटतो. स्वतःचा नाही, बाबांचा. "माझा भाऊ गाडी चालवतोय आणि मी स्वतःला बांधून घेऊ? लोक काय म्हणतील त्याला?" म्हणून ते आधी रिकाम्या सीटला पट्टा लावतात आणि मग पट्ट्याच्या पुढे बसतात. गाडी गप्प.

जामसरहून येताना आम्हाला कुणीतरी मोठा फणस दिला. अण्णाकाका मागे सरकले आणि फणस पुढे ठेवला. त्याच्या वजनाने गाडी टुंग टुंग करायला लागली, म्हणून बाबांनी फणसाला पट्टा लावला. थोडं पुढे आल्यावर अण्णाकाकांना मागे मळमळायला लागलं. ते पुढे आले, फणस मांडीवर घेतला, आणि पट्टा काढून परत लावताना तो फणसाच्या भोवती बसला. अण्णाकाका मोकळेच.

जव्हारच्या नाक्यावर हवालदाराने हात केला. आत वाकून बघितलं. हा अण्णाकाकांचाच जुना विद्यार्थी.

"मास्तर," तो म्हणाला, "फणसाने लावलाय. तुमचं काय?"

* * *

आता बाबा. बाबा दुसऱ्याच्या गाडीत झोपत नाहीत. दुसऱ्याच्या गाडीत त्यांचा उजवा पाय सतत ब्रेक मारत असतो, जिथे ब्रेक नाही तिथे. मी चालवताना ते शेजारी बसतात, आणि त्यांच्या पायाखालची मॅट आता झिजून भोक पडायला आलीय. घरच्यांना घेऊन चालव, पाहुण्यांना घेऊन नाही, इथपर्यंतच त्यांची परवानगी.

दिवाळी जवळ आली तशी मी एके दिवशी स्टँडवर सगळ्यांसमोर विचारलं, "बाबा, मी काय केलं म्हणजे चावी द्याल?"

बाबा चिडून म्हणाले, "पाहुणा झोपला पाहिजे गाडीत. मी ज्या दिवशी तुझ्या गाडीत झोपेन, त्या दिवशी चावी तुझी. अण्णा साक्षीदार."

मी जंग जंग पछाडलं. बासुंदी खायला घातली आणि खोडाळ्यापर्यंत फिरवून आणलं. मंद भजनं लावली. एसी लावला, बंद केला, काचा उघडल्या. बाबा ताठ. नंतर कळलं की ते खिशात हिरव्या मिरच्या घेऊन बसतात आणि डोळा जड झाला की एक चावतात.

"हे चीटिंग आहे," मी म्हणाले.

"ही सावधगिरी आहे," अण्णाकाका म्हणाले.

* * *

काकीच्या भाचीचा साखरपुडा नाशिकला होता. सकाळी सातला स्टँडवर हवा भरून निघालो. मी चालवतेय, बाबा शेजारी, अण्णाकाका-काकी मागे. मोखाडा गेलं. तोरंगण घाट सुरू झाला, संपला, आणि माझ्या लक्षात आलं की शेजारून मिरची चावल्याचा आवाज येत नाहीये. ब्रेकही कुणी मारत नाहीये.

"अगं," काकी मागून कुजबुजली, "भाऊजी झोपले."

अण्णाकाकांनी पुढे वाकून बाबांच्या नाकाखाली बोट धरलं. मग माझ्या खांद्याला हात लावला. "थांबवू नको. इंजिन बंद झालं की हा जागा होतो. आणि आत्ता जागा झाला तर म्हणेल, नुसते डोळे मिटले होते. चांगला झोपू दे. जितका जास्त झोपेल तितकं त्याला नाकारायला अवघड."

हे त्यांचं आयुष्यातलं पहिलं वाक्य, जे मला पटलं.

त्र्यंबकला चहा घ्यायचा होता, नाही घेतला. नाशिकला हॉलच्या दारात गाडी उभी केली, पण इंजिन चालू. काकीचा भाऊ धावत आला, "उतरा, उतरा, तुमचीच वाट बघतोय."

"श्श," अण्णाकाका म्हणाले. "पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे."

काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. काकी उतरेना, कारण दार लावल्याचा आवाज होईल. मग तिची भाची, साडी सावरत, मैत्रिणींसकट गाडीपाशी आली आणि खिडकीतून वाकून पाया पडली. काकीने खिडकीतूनच तिची ओटी भरली. नवरा मुलगाही आला, त्याने काचेतून नमस्कार केला. पाठोपाठ मानपान आला. पाहुण्यांचा मान राहून जायला नको म्हणून काकीच्या भावाने झोपलेल्या बाबांना हळूच टिळा लावला, डोक्यावर नवी पांढरी टोपी ठेवली, मांडीवर नारळ आणि पेढ्यांचा बॉक्स दिला. हॉलमधली माणसं रांगेने येऊन बघून गेली. सगळी पायांच्या चवड्यांवर.

"कुठली गाडी आहे हो ही?" एकाने माझ्या कानाशी विचारलं. मी नाव सांगितलं. त्याने मोबाईलमध्ये लिहून घेतलं.

मग मी गाडी वळवली.

परत येताना अण्णाकाकांनी पुरावा म्हणून व्हिडिओ काढला. मोखाड्याच्या अलीकडे काकीने तो बघायला घेतला. संपूर्ण व्हिडिओत अण्णाकाकांचं नाक होतं. दुसरा काढायला गेले तर मोबाईलची बॅटरी संपली.

दुपारी जव्हार आलं. अण्णाकाका म्हणाले, "विक्रमगडकडे घे. अजून झोपलाय तो." पण माझे पाय भरून आले होते, भूक लागली होती. मी स्टँडवर, सकाळच्याच जागी, गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं.

बाबांनी डोळे उघडले. समोर बघितलं. तीच चहाची टपरी, तेच हवावाल्याचं दुकान. त्यांनी आमच्याकडे बघितलं.

"अजून इथंच? साखरपुड्याला जायचंय की नाही?"

"बाबा, तुम्ही झोपला होतात," मी म्हणाले.

"मी? गाडी हलल्याशिवाय मला झोप येते का कधी? सांग रे अण्णा हिला."

मी मागे वळून साक्षीदाराकडे बघितलं. अण्णाकाकांनी बाबांच्या टोपीकडे बघितलं, टिळ्याकडे बघितलं. घसा साफ केला.

"नाही येत," ते म्हणाले.

बाबांनी मांडीवरचा बॉक्स उघडला, एक पेढा तोंडात टाकला आणि दुसरा माझ्या हातावर ठेवला. मग सीटचा खटका ओढून पाठ मागे नेली, टोपी डोळ्यांवर ओढली.

"मग निघ की," ते म्हणाले. "बघू तुझ्या गाडीत झोप लागते का."