खोली फक्त स्थानिकांना

निवृत्त झाल्यावर वडिलांनी नागापूरच्या आमच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्याने द्यायचं ठरवलं आणि फाटकावर पाटी लावली : 'खोली फक्त स्थानिकांना मिळेल.' आयुष्यभर मराठी शिकवलेला माणूस. अक्षर असं वळणदार, की त्यात उद्धटपणाही देखणा दिसे.

तिसऱ्याच दिवशी एमआयडीसीत वेल्डिंग करणारा एक जण आला. गाव विचारल्यावर म्हणाला, बिहार. वडिलांनी लगेच हिंदी सुरू केली.

"ये पाटी तुमने वाच्या नहीं क्या?"

"वाचली की गुरुजी, म्हनून तर आलो. बारा वर्सं झाली हितं. आजून किती स्थानिक व्हायचं?"

"तुमको खोली देना हमको जमता नहीं."

"तुमी मराठीत बोला ना. मला हिंदी येतं, पन तुमचं न्हाई समजत."

स्वयंपाकघरात आईला ठसका लागला. वडील मात्र गंभीर. "'पन' नाही, 'पण'. म्हण पाहू."

"पण," तो म्हणाला, आणि खोली त्याला मिळाली.

दर रविवारी वडील त्याला शुद्ध मराठी शिकवत. दोन वर्षांत त्याचा 'ण' काही सुधारला नाही. वडील मात्र चहा 'लई' गोड झाला म्हणू लागले.

मग दुसऱ्या खोलीसाठी ओडिशाचं एक तरुण जोडपं आलं. वडील ओट्यावर चहा पीत होते, वेल्डरच पुढे झाला. कुठले, कोणाच्या ओळखीने आलात, किती दिवस राहणार, सगळी उलटतपासणी हिंदीत उरकून तो वडिलांकडे वळला. "नका देऊ, गुरुजी. भायेरची लोकं लई वाढली. आपल्यासारख्यांनी जायचं कुठं?"

वडिलांनी कप खाली ठेवला. पहिल्यांदाच त्यांनी त्याचं एकही अक्षर दुरुस्त केलं नाही.

आई बाहेर आली. "अहो, आपण कोल्हारहून इथं आलो, तेव्हा घरमालकीण म्हणायची, तिकडचे लोक भांडकुदळ असतात. वर्षभर मला नळावर शेवटचा नंबर."

"अगं, पण आपण याच जिल्ह्यातले!"

"तिला जिल्हा कुठं ठाऊक होता? वेस ओलांडली की तिच्या लेखी सगळा परमुलूखच."

वडिलांनी खोली उघडून दिली. वेल्डर आठ दिवस रुसला. नवव्या दिवशी त्यानेच त्या जोडप्याच्या दाराची तुटकी कडी जोडून दिली.

उन्हाळ्यात ओडिशाच्या त्या मुलीने आईला त्यांच्याकडच्या रिवाजाप्रमाणे रात्रभर पाण्यात भिजवलेल्या भाताचा वाडगा आणून दिला. "इतक्या लांबून येऊन शिळाच भात?" असं पुटपुटत आईने ठेचा काढला आणि वाडगा साफ केला.