एका माणसासाठी एसी

आमच्या डमडमच्या फ्लॅटच्या दारावर जी बेल आहे, तिच्या बटणातला लाल दिवा सासऱ्यांनी काढून टाकलेला आहे. बेल वाजते, पण तो मुगाएवढा दिवा दिवसरात्र फुकट जळतो हे त्यांना सहन होईना. लग्न होऊन मी या घरात आले त्याच आठवड्यात त्यांनी मला हे मोठ्या कौतुकाने दाखवलं. मी नागपूरची, घरात दुकान, हात सगळ्यांचेच सैल. माझा पगार कुठून येतो ते मला माहीत असतं, कुठे जातो ते नाही. मी तोंडदेखलं हसले आणि मनात म्हटलं, बाई गं, कुठे येऊन पडलीस.

सासरे केंद्र सरकारच्या कचेरीत होते. बदली होऊन कोलकात्याला आले, मुलाची शाळा इथे झाली, मग निवृत्तीनंतरही इथेच राहिले. इथल्या मराठी घरांमध्ये त्यांच्या काटकसरीवर विनोद चालत आणि त्या विनोदांना ते स्वतःच सगळ्यांत जास्त हसत. शर्टांना इस्त्री कधी नाही. घडी घालून गादीखाली ठेवायचे, सकाळी कडक. वर्तमानपत्र शेजारच्या बंगाली काकूंचं. त्यांचं वाचून झालं की ते आमच्याकडे यायचं, आणि संध्याकाळी सासरे जिन्यात स्टूल टाकून वाचत बसायचे, कारण जिन्यातला दिवा सोसायटीचा. येणारेजाणारे त्यांना ओलांडून वर जात. एकदा माझ्या ऑफिसातली मैत्रीण घरी आली आणि त्यांना वॉचमन समजून फ्लॅट कुठला ते विचारू लागली. त्यांनी उठून तिला दारापर्यंत आणून सोडलं आणि परत जाऊन बसले.

सासूबाई त्यांच्या वरताण. तेलाची पिशवी संपली की कात्रीने उभी चिरायची आणि आतून कणकेचा गोळा फिरवून घ्यायचा. दोडका सोलला की त्याच्या शिरांची चटणी व्हायची, तीळ आणि सुकं खोबरं घालून, कुरकुरीत. शेजारच्या काकू दुधीच्या साली बारीक चिरून खसखस घालून परतायच्या. दोघींच्या वाट्या इकडून तिकडे जायच्या. एकीला मराठी येत नाही, दुसरीचं बंगाली जेमतेम, पण सालींवर दोघी तासभर बोलू शकत. दोघींनी मिळून कचऱ्याच्या डब्याला उपाशी ठेवलं होतं. आणि हे मी कबूल करते की ती चटणी मी नुसती वाटीभर खाल्लेली आहे.

तरी हे सगळं मला तेव्हा गमतीचंच वाटायचं. मान खाली घालून आदर वाटावा असं त्यात काही दिसत नव्हतं. ते नंतर दिसलं.

सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्या उभ्या राहिल्या नाहीत. हात आणि तोंड मात्र पूर्ण शाबूत, त्यामुळे स्वयंपाकघर पलंगावरून चालू राहिलं. उन्हाळा सुरू झाला तशी त्यांच्या पाठीची कातडी लाल होऊ लागली. इथला उन्हाळा म्हणजे नुसतं ऊन नाही, अंगाला ओलं फडकं गुंडाळल्यासारखी हवा. कमरेच्या वर एक जागा फुटली. डॉक्टर घरी येऊन बघून गेले. म्हणाले, पाठ कोरडी राहिली पाहिजे, खोली दिवसभर थंड ठेवा, घाम नको. ही जखम खोल गेली तर पुन्हा दवाखान्यात न्यावं लागेल, आणि या वयात त्यांना ते झेपेल असं मला वाटत नाही.

मी सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत होते. बेलचा दिवा काढणारा माणूस आता काय म्हणतो ते मला बघायचं होतं. ते म्हणाले, "एसी दिवसभर चालेल." एवढंच.

आमच्याकडे विजेचा वापर जितका वाढतो तितका पुढच्या युनिटचा दर चढत जातो. त्यामुळे एसी चालवायचा तर बाकीचं घर आणखी आवळावं लागणार होतं, आणि ते त्यांनी आवळलं. हॉलमध्ये एकटे असले की पंखा बंद करून पुठ्ठ्याने वारा घेत. गीझरला हात नाही. एसीच्या नळीतून पडणारं पाणी बादलीत धरत आणि त्यानेच फरशी पुसली जाई. नवऱ्याने सांगून पाहिलं, "बाबा, बिल मी भरतो ना." त्यावर ते म्हणाले, "तुम्ही घरातलं बाकी सगळं बघा. हिच्या खोलीतली हवा माझ्या पेन्शनीतून येऊ दे." मला त्या वाक्यानंतर या माणसाचं सगळंच वेगळं दिसायला लागलं. मीही न सांगता मोबाइलचा चार्जर भिंतीतून काढून ठेवू लागले. नवरा म्हणाला, गेलीस तू पण कामातून.

सॉल्ट लेकमधल्या माझ्या ऑफिसात आठवड्यातले काही दिवस घरून काम करता येतं. त्या दिवशी मी हॉलच्या खिडकीशी बसते. बाहेरच्या बाल्कनीत एसीचं मोठं यंत्र आहे, त्याची घरघर कानाशी असते. माझ्या लक्षात यायला लागलं की भर दुपारी ती घरघर थांबते. सकाळी आंघोळ घालायला येणारी बाई तोवर निघून गेलेली असायची. बाराच्या सुमाराला सासरे पिशव्या घेऊन रेल्वे लाइनीपलीकडच्या बाजारात निघायचे, कारण भाजीवाले उठायच्या बेताला असतात तेव्हा भाव पडतात, आणि वर मूठभर कोथिंबीर, चार मिरच्या असा 'फाउ' मिळतो. फाउ म्हणजे खरेदीवर फुकट. बंगाली भाषेतला त्यांचा सगळ्यांत आवडता शब्द. ते गेले की थोड्या वेळात यंत्र गप्प. ते परतले, खालचं सरकतं लोखंडी दार खडखडलं, की यंत्र पुन्हा सुरू.

मला वाटलं मशीनच बिघडलं. मेकॅनिक येऊन बघून गेला, म्हणाला काही झालेलं नाही. इकडे जखम भरत नव्हती. डॉक्टर दुसऱ्या खेपेला जरा रागावूनच म्हणाले, "खोली थंड ठेवता ना नक्की?" सासऱ्यांना ते फार लागलं. डॉक्टर गेल्यावर त्यांनी रिमोट घेऊन खोली आणखी गार केली.

दुसऱ्या दिवशी घरघर थांबल्याबरोबर मी लॅपटॉप तसाच टाकून आत गेले. सासूबाई घामाने निथळत होत्या. केस कपाळाला चिकटलेले, उशीचा अभ्रा ओला, आणि रिमोट उशीखाली.

"आई, हे काय चाललंय?"

"बंद केला जरा. ते येतील इतक्यात, मग लावते."

"डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना? पाठ बघितलीये का स्वतःची?"

त्या मला समजावल्यासारखं म्हणाल्या, "अगं, एका माणसासाठी एसी लावायचा नाही. आपल्याकडे तसं नसतंच."

हा या घराचा नियम होता. एसी नवा आला तेव्हा सासऱ्यांनीच घातलेला. उन्हाळ्यात सगळ्यांनी एका खोलीत अंथरुणं टाकायची आणि एसी लावायचा. खोलीत एकच जण उरला की बंद, त्याने पंख्याखाली झोपावं. इतकी वर्षं कुणीही तो मोडला नव्हता. सासरे घरात असले की त्या खोलीत जाऊनयेऊन असत, तेव्हा सासूबाई खोलीत दोन माणसं धरत. ते बाजारात गेले की त्या एकट्या.

"आणि त्यांना सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "एवढ्या उन्हात तो माणूस दोन पैसे वाचवायला बाजार पालथा घालतो, आणि मी एकटी इथे गार हवेत लोळत पडू?"

मला रडू आलं आणि संतापही आला. दोन्ही एकदम आलं की माझा आवाज चढतो, तसा तो चढला. संध्याकाळी मी सासऱ्यांना जिन्यात गाठून सगळं सांगितलं. असल्या गोष्टी मी पोटात ठेवत नाही. त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली, परत उलगडली, परत केली. म्हणाले, "नियम माझाच आहे."

पुढचे काही दिवस आमच्या घरात चांगलीच जुंपली होती. त्यांनी नियम रद्द झाल्याचं जाहीर केलं, त्या "बरं" म्हणाल्या आणि दुपारी बटण दाबून मोकळ्या झाल्या. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याजवळ बसले, तर माझ्या कामाचा खोळंबा होतो म्हणून मला उठवूनच सोडलं, आणि रोज तर मी घरी नसतेच. एकदा सासरे रिमोट शर्टाच्या खिशात घालून बाजारात गेले. त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "कैदी आहे का मी?" सासऱ्यांनी रिमोट परत त्यांच्या हातात दिला आणि त्यानंतर त्याला कधी हात लावला नाही.

मग एक दिवस बाराला त्यांनी पिशव्या घेतल्याच नाहीत. खुर्ची उचलून सासूबाईंच्या पलंगाशी नेली आणि वर्तमानपत्र घेऊन बसले. सासूबाईंनी विचारलं तर म्हणाले, "मला हल्ली ऊन सोसत नाही. इथे बरं वाटतं." यंत्राची घरघर त्या दुपारी एकदाही थांबली नाही. दुसऱ्या दिवशी थांबली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. इतक्या वर्षांचा बाजार त्या माणसाने एका वाक्यात सोडला होता, तेही स्वतःकडे कमीपणा घेऊन.

आमच्या गल्लीत सकाळी एक भाजीची गाडी येते. तिच्यावरून सासऱ्यांनी कधी कोथिंबिरीची काडी घेतली नव्हती, कारण गाडीवाला दारात येण्याचेही पैसे लावतो असं त्यांचं म्हणणं. आता ते खाली उतरून त्याच्यासमोर उभे राहिले. भाजीवाला चकित झाला. "दादू, आज बाजारे जाबेन ना?" म्हणजे आजोबा, आज बाजारात जाणार नाही का. ते नाही म्हणाले. वांगी घेतली, दोडके घेतले, तो जे सांगेल ते दिलं. फाउ मागितला नाही. मी ऑफिसला निघाले होते, गाडीच्या पलीकडून सगळं बघत होते. ते वर जाताना जरा वाकलेले वाटले. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण बस चुकली असती.

सासूबाईंना त्यांनी सांगितलं होतं की ऊन चढायच्या आत सकाळीच बाजार उरकून येतो. रोज ते भाजी घेऊन वर गेले की आतून हाक यायची, "भाव केलात ना?" आणि ते म्हणायचे, "केला की."

दुर्गापूजेचे मांडव उभे राहायला लागले तोवर जखम सुकली. डॉक्टर खूश होऊन गेले. त्या दुपारी मी सासूबाईंच्या पाठीला पावडर लावत होते. सासरे खुर्चीतच डोळे मिटून घोरत होते, वर्तमानपत्र छातीवर पडलेलं. सासूबाई त्यांच्याकडे बघत हळू आवाजात म्हणाल्या, "गाडीवाल्याकडून भाव न करता घेतात. दोडक्याचं देठ बघूनच मला कळतं, बाजारातला असा नसतो."

"मग बोलला नाहीत कधी?"

"कशाला बोलू? असल्या उन्हात बाजार हिंडायचं वय आहे का त्यांचं? आयुष्यात पहिल्यांदा दुपारी गार हवेत झोपतायत. तू पण बोलू नकोस हं. मला माहीत आहे हे त्यांना कळलं, तर उद्या पिशव्या घेऊन निघतील."