नामंजूर तात्या

वार्षिक सभेत चेअरमननी "ठराव मंजूर?" विचारलं, की कळस गावच्या आमच्या दूध सोसायटीचे सभासद भज्यांच्या वासाकडे नाक लावून "मंजूर, मंजूर" करायचे. तेवढ्यात खांबाजवळून आवाज यायचा, "नामंजूर!" ते आमचे शेजारी, तात्या. चेअरमनच्या अभिनंदनाचा ठरावसुद्धा त्यांनी कधी सोडला नाही.

जिभेला सवयच जडली होती मेली! थोरल्या लेकीच्या सुपारीच्या बैठकीत मध्यस्थानं "मग मंजूर ना?" म्हटलं आणि तात्या बोलून गेले, "नामंजूर!" पाहुणे टोप्या सावरत उठले की हो. काकींनी कशीबशी समजूत घालून त्यांना परत बसवलं आणि नवऱ्याला जन्मभर ऐकवलं, "घरात तरी मंजूर म्हनत जावा!"

मी बारामतीला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. शासनाचे सिद्धांत, नवउदारमतवादाचं भवितव्य, असलं भारी भारी. तात्यांनी एकदा विचारलं, "पोरी, ह्यात उदार कोन हाय गं?" मला हसू आवरेना. वर्गात तो धडा काढला की अजून आवरत नाही.

तात्या नेहमी बरोबर असायचे असं मुळीच नाही. दूध थंड ठेवायच्या यंत्रालाही ते आडवे आले होते. त्यापायी यंत्र लांबणीवर पडलं, एक उन्हाळा गावाचं दूध नासलं आणि मी त्यांच्याशी कडाडून भांडले.

मग सोसायटी बंद करून दूध एमआयडीसीतल्या खासगी कंपनीला घालायचा ठराव आला. तात्या उठले. "दर जास्त देतील, व्हय. पर उद्या पाडला तर म्या कुनापुढं हुबा ऱ्हाऊ? हितं चेअरमन चुकला तर तोंडावर सांगता येतं. तितं कोन हाय?" बाकी सगळे मंजूर म्हणाले. त्या दिवशी तात्यांनी भजी खाल्ली नाहीत.

पुढं कंपनीनं दर पाडलाच. तात्या कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून कंपनीच्या गेटपर्यंत गेले. वॉचमन बिचारा म्हणाला, "आबा, तक्रार मोबाईलवर टाका." तात्या गेटकडे बघून "नामंजूर!" म्हणाले आणि परत आले. "ऐकायला मानूसच न्हाय गं तितं," एवढंच मला म्हणाले. मला फार वाईट वाटलं. असे ते कधी दिसले नव्हते.

गेल्या महिन्यात तात्या गेले. सोसायटीच्या त्याच हॉलमध्ये शोकसभा झाली. जुन्या चेअरमननी श्रद्धांजलीचा ठराव वाचला आणि सवयीनं विचारून बसले, "मंजूर?"

सगळ्यांच्या माना खांबाकडे वळल्या. मग बायकांमधून काकींचा आवाज आला.

"नामंजूर."