गॅरेजमधली बाळंतीण

गॅरेजमध्ये त्याला सगळे 'बाळंतीण' म्हणत. माणूस गाड्यांचे पोचे काढणारा डेंटर, मिशा पिळदार, आणि नाव हे! ठेवलं होतं पेंटरने, त्याच्या जिवलग दोस्ताने. जिवलगच तो, परक्याला एवढं नेमकं कुठून सुचणार?

लेक झाली तेव्हाची गोष्ट. बायको चार दिवसांत हिंडूफिरू लागली. खचला तो हाच. पोर रडली की याच्या छातीत धस्स व्हायचं. उचलायला जावं तर आपल्या हातून पडेल, मरेल असं वाटायचं. मग घरी जायलाच तो टाळाटाळ करू लागला. हातोड्याच्या ठोकाठोकीत रडून घ्यायचा, कुणाला ऐकू जात नसे. न राहवून एकदा चहा पिताना त्याने पेंटरला सगळं सांगितलं.

"अरे, बाळंत वहिनी झाली की तू?" पेंटर एवढा हसला की चहा नाकात गेला. दुपारपर्यंत गॅरेजभर झालं. कुणी म्हणे, "कान बांध, वारं लागेल." कुणी बसायला उशी आणून दिली. तोही हसला. न हसून करतो काय?

त्यानंतर तो याबद्दल कुणाशीच बोलला नाही, बायकोशीसुद्धा. दुखणं पुढे हळूहळू ओसरलं, पण तोवर लेक चालायला लागली होती. मांडीवरचं तान्हं पोर त्याच्या वाट्याला आलंच नाही.

मग पेंटरला मुलगा झाला. सुरुवातीला गडी मिरवला. नंतर त्याचा रंग ओघळायला लागला, कधी दारावर, कधी बॉनेटवर. मालकाने शिव्या घातल्या. एका दुपारी तोंडावरचा मास्क न काढताच तो डेंटरपाशी येऊन बसला.

"तुला तेव्हा व्हायचं ना... ते गेलं कसं रे? मला घरी जायची भीती वाटते."

उत्तर डेंटरकडे होतं. जातं ते, घाबरू नकोस, वहिनीला सांग, पोराला खाली बसून मांडीवर घे, वाटलं तर मी येतो सोबत. हेच कुणीतरी आपल्याला सांगावं म्हणून तो किती तडफडला होता! शब्द अगदी ओठांवर आले.

तो उठला आणि ओरडला, "या रे सगळे! नवी बाळंतीण आली!"

हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. मास्क खाली ओढून पेंटरही हसला. ते हसणं कसलं, हे डेंटरने बरोबर ओळखलं.

डेंटरला आता गॅरेजमध्ये सगळे त्याच्या खऱ्या नावाने हाक मारतात.