हझानकाका खुर्चीवर बसले तो दिवस

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, मग हातात आली ती सुई. शर्टांना काज-बटणं करून मी चार पैसे मिळवते, त्यामुळे सुईने टाका सरळ पडतो पण टाकाने ओळ सरळ येत नाही. कुणी हे वाचलंच तर चुका पोटात घालाव्यात. हझानकाका गेले त्याला दीड महिना होऊन गेला. त्यांच्याविषयी मला कुणाशी तोंडाने बोलता येत नाही, चारचौघांत माझा आवाजच निघत नाही, म्हणून लिहिते.

शुक्रवारी दुपारी मी शब्बाथच्या, म्हणजे आमच्या शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाच्या, सरबतासाठी काळ्या मनुका भिजत घालत होते. स्टेशनजवळच्या दवाखान्यातला शिपाई दारात आला आणि चप्पल न काढताच म्हणाला, "बाई, कंपाउंडर गेले." पट्ट्या गुंडाळता गुंडाळता हझानकाका स्टुलावर बसले, छातीवर हात ठेवला, आणि डॉक्टर आतल्या खोलीतून बाहेर येईपर्यंत संपलं होतं. मी शिपायाला पाणी दिलं. नंतर किती तरी वेळ मनुका चोळत राहिले... पाणी काळं झालं तरी चोळत होते.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहूदी. आमचे पूर्वज अलिबागकडच्या गावांत तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून तिकडे आम्हाला शनवार तेली म्हणत. घाटकोपरला आमची मोजकीच घरं. एका चाळीच्या तळमजल्यावरची लांबट खोली हीच आमची प्रार्थनेची जागा. तिथे प्रार्थना चालवतो, लग्नं लावतो, मुलांची सुंता करतो तो हझान. रब्बी म्हणजे धर्मशास्त्र शिकलेला मोठा गुरू, तसा आमच्यात कुणी नव्हताच. पण हझानकाकांना काही विचारलं की ते पुस्तक उघडून बोट ठेवून अर्थ सांगायचे, त्यामुळे लोक त्यांना रब्बी म्हणू लागले. आधी चेष्टेने, पुढे मनापासून. ते म्हणायचे, "रब्बी कसला रे, मी पट्ट्या बांधणारा."

ते खरंच पट्ट्या बांधणारे होते. नाव शलोमो, गाव अलिबागजवळचं, आईबाप लहानपणीच गेलेले. दुसऱ्या मोठ्या लढाईत ते फौजेच्या इस्पितळात नर्सिंग ऑर्डर्ली होते, इराकात. लढाईच्या गोष्टी त्यांनी कधी सांगितल्या नाहीत. एकदाच, माझे यजमान फार मागे लागले तेव्हा एवढं बोलले, की एक पोरगा जाताना म्हणाला, माझ्यासाठी काहीतरी वाच. तो आपल्यातला नव्हता, कुठल्या तरी डोंगरातला होता. "माझ्या हातात पट्टी होती, तोंडात काही नव्हतं," हझानकाका म्हणाले. "मी त्याला औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचून दाखवली." मग सुट्टीच्या दिवशी ते बसऱ्यातल्या एका म्हाताऱ्या यहूदी गुरूकडे जाऊन बसू लागले. लढाई संपून ते परत आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत फौजी कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त होती. घाटकोपरच्या आमच्या समाजाने त्यांना हझान नेमलं आणि राहायला खोली घेताना चारशे रुपये पागडी समाजाने भरली. त्यांनी लग्न केलं नाही.

माझा पहिला मुलगा योसेफ. आठव्या दिवशी सुंता करायची हा आमचा धर्म, अब्राहामापासून चालत आलेला. हझानकाकांचा हात इतका हलका, की बाळ रडायच्या आत काम झालेलं असे. योसेफचंही तसंच झालं. सगळे मलिदा खायला बसले, पोहे, खोबरं, फळं... आणि दुपटं लाल झालं. हझानकाकांनी पट्टी बदलली. पुन्हा लाल झालं. त्यांनी बाळ मांडीवर घेतलं आणि दाबून धरून बसले, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही. मग इस्पितळात नेलं. योसेफ गेला.

माझ्या यजमानांनी त्या दिवसापासून हझानकाकांशी बोलणं सोडलं. प्रार्थनेला जायचे, मागे उभे राहायचे, निघून यायचे. मुकादम म्हणजे आमच्या समाजाचे प्रमुख, ते यजमानांचे थोरले काका. ते म्हणाले, देवाची इच्छा. हझानकाका तसं म्हणाले नाहीत. दारात उभे राहून मला म्हणाले, "फौजेत माझ्या हातातून किती गेले, मी मोजले नाहीत. हा मात्र मोजला." मी पदर तोंडाला लावून आत उभी होते.

पुढे मला पुन्हा दिवस गेले तेव्हा ते यजमान कामावर असताना आले आणि ओट्यावर बसून, माझ्याकडे न बघता, विचारू लागले. तुझ्या बहिणीला मूल होतं ना? कसं गेलं? बायकांनी असलं काही पुरुषांशी बोलायचं नसतं आमच्याकडे, त्यात हझानाशी. पडद्याआडून मी तुटक तुटक सांगितलं. माझी थोरली बहीण हन्ना गावी असते. तिचा मुलगा सुंतेनंतर रक्त थांबेना म्हणून गेला होता. गावात सगळे म्हणाले, तिथल्या म्हाताऱ्या हझानाचा हात थरथरतो. मी आईकडून ऐकलं होतं, की माझा एक मामाही असाच गेला, दात पडला तेव्हा. एवढं ऐकून ते ओट्यावरून उठले. मग म्हणाले, "म्हाताऱ्याचा हात थरथरत नव्हता गं. माझाही नाही."

दुसरा मुलगा झाला, एझ्रा. सुंतेच्या आदल्या दिवशी हझानकाकांनी मुकादमकाकांना पुस्तक दाखवलं. दोन मुलं सुंतेने गेली असतील तर तिसऱ्याची करायची नाही, आणि सख्ख्या बहिणीचं मूलही त्यात धरायचं, असं शास्त्रात लिहिलेलं आहे म्हणाले. मुकादमकाकांना ते पटलं नाही. ते वाईट माणूस नव्हेत, हे मला लिहून ठेवायचंय. त्या वर्षांत आमची माणसं एकेक करून इस्राएलला चालली होती आणि तिकडून पत्रं येत होती, की तिथे आपल्याला पुरते यहूदी मानत नाहीत. मुकादमकाका म्हणाले, "उद्या हा पोरगा तिकडे गेला तर त्याला दारात कोण उभं करील? आपण मूठभर उरलोय. आपणच नियम मोडले तर आपल्याकडे राहिलं काय? बहिणीचं पोर गावी गेलं, ते कशाने गेलं ते तू पाहिलंस का?"

आठव्या दिवशी सकाळी पनवेलहून, अलिबागहून माणसं आली होती. आमच्यात सुंतेला एक खुर्ची मांडतात, ती एलियाहू पैगंबराची. तिच्यावर पांढरी चादर, सब्ज्याची डहाळी. त्या खुर्चीवर कुणी बसायचं नसतं, पैगंबर येऊन बसतो अशी समजूत आहे. बाळ क्षणभर तिच्यावर ठेवतात आणि उचलतात. मुकादमकाकांनी शहरातून दुसरे हझान बोलावले होते आणि ते हत्यारांची पिशवी घेऊन उंबऱ्याशी उभे होते.

मुकादमकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "शलोमो, फौजेत माणसांचे पाय कापताना बाजूला उभा राहिलास आणि एवढ्याशा कातडीला भितोस?"

"हो," हझानकाका म्हणाले. "भितो."

कुणीतरी हसलं. माझे यजमान भिंतीला टेकून खाली बघत होते. ते हो म्हणाले असते तर बाळ गेलं असतं, नाही म्हणाले असते तर समाज गेला असता, आणि त्यांच्या तोंडून दोन्ही निघेना. तेव्हा हझानकाकांनी पाळण्यातून एझ्राला उचललं, चार पावलं गेले आणि एलियाहूच्या खुर्चीवर बसले. बाळ मांडीवर घेऊन सरळ बसले, इस्पितळातल्या पहाऱ्यावर बसावं तसे. त्या खुर्चीला हात लावून माणसाला ओढायची कुणाची छाती झाली नाही. ते शांतपणे म्हणाले, "आता ज्याला घ्यायचंय त्याने इथून घ्यावं."

सुंता आठव्या दिवशी, उजेडातच करायची असते. ते दिवस मावळेपर्यंत तसेच बसले. पाणीसुद्धा घेतलं नाही. बाळ रडलं की मी पडद्याआडून हात पुढे करायची, ते बाळ माझ्याकडे देत आणि म्हणत, "पाजून परत आण." मी पाजून परत त्यांच्या मांडीवर ठेवायची. दुसऱ्या खेपेला थोरल्या नणंदेने माझा दंड धरला आणि कानाशी म्हणाली, वेडे, आता हातात आलंय तर दे ना त्या हझानांना, घटकेत होईल. जन्मात कधी मोठ्याने न बोललेली मी, सगळ्या पुरुषांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी ह्याला मरायला देणार नाही." एवढंच. आणि बाळ नेऊन हझानकाकांच्या मांडीवर ठेवलं. शहरातले हझान दुपारचा चहा पिऊन म्हणाले, तुमचं आपसात ठरू द्या, मला दूर जायचंय, आणि पिशवी उचलून गेले. मलिदा तसाच सुकला.

पैगंबराच्या खुर्चीवर बसल्याबद्दल समाजाने हझानकाकांना काढून टाकलं. पागडीचे पैसे कुणी मागितले नव्हते, पण सोडूनही दिले नव्हते. हझानकाका स्वतःच म्हणाले, खोली हझानासाठी घेतलेली, मी आता हझान नाही, तेव्हा हे पैसे माझ्याकडे उधार. एका गुजराती डॉक्टरांकडे ते कंपाउंडर म्हणून लागले आणि दर महिन्याला थोडे थोडे फेडू लागले. चपला शिवून शिवून वापरायचे. शब्बाथला प्रार्थनेच्या खोलीत जात, पण मागच्या बाकावर, माझ्या यजमानांच्या शेजारी. वर्षानुवर्षं दोघं एका बाकावर बसले आणि एकमेकांशी बोलले नाहीत.

एझ्रा रांगू लागला तेव्हा त्याच्या गुडघ्यांवर काळेनिळे डाग उठायचे. दात आला तेव्हा दोन दिवस उशी भिजत होती. डॉक्टरांनी रक्त न गोठण्याच्या आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं आणि म्हणाले, औषध नाही, सांभाळा. हझानकाकांनी मला खोटा धीर दिला नाही. म्हणाले, "हा म्हातारा होईल असं मी सांगणार नाही. आज थांबवायचं, एवढं आपल्या हातात." पट्टीची घडी कशी घालायची, कुठे दाबायचं, हे त्यांनीच शिकवलं. बायका पट्टी उचलून उचलून बघतात, त्याने घात होतो म्हणाले. आमच्याकडे घड्याळ नव्हतं, तेव्हा त्यांनी मला हिब्रूतलं एक लहान स्तोत्र तोंडी पाठ करून दिलं. ते पुन्हा पुन्हा म्हणायचं, ते सांगतील तितक्या वेळा, आणि तोवर हात काढायचा नाही. मला त्याचा अर्थ येत नाही. पण एझ्राला आई दाबून बसली की पुढची ओळ ठाऊक असते, दुखत असलं तरी तो माझ्याबरोबर म्हणतो. परवा कोपर सुजलं तेव्हाही आम्ही दोघं तेच म्हणत बसलो होतो. हझानकाका आता येऊन बघणार नाहीत, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं असं वाटलं.

ते शुक्रवारी गेले आणि सूर्य मावळताच शब्बाथ लागला, त्यात माती करत नाहीत, त्यामुळे ती रविवारी झाली. आमच्यात मेलेल्या माणसाला एकटं ठेवत नाहीत. त्यांचं तर कुणीच नव्हतं. यजमानांना जा म्हणायचं माझं धैर्य नव्हतं. ते कामावरून आले, बातमी ऐकली, हात-पाय धुतले आणि टोपी घालून निघाले. रविवारी सकाळपर्यंत ते त्यांच्या खोलीत शवाशेजारी बसून होते. परत आले तेव्हा म्हणाले, "त्यांच्या खोलीत एकच ताट आहे गं." मग भिंतीकडे तोंड करून झोपले.

मातीला प्रार्थनेसाठी लागतात तेवढे दहा पुरुष कसेबसे जमले, मुकादमकाकाही आले. शहरातल्याच हझानांनी प्रार्थना वाचली. पण बापासाठी मुलगा म्हणतो ती कद्दिश म्हणायला कुणी नव्हतं. शिवाय समाजाची सेवा करून गेलेल्यांची नावं सणाला वाचतात, त्यात यांचं नाव घ्यावं असं मातीला आलेल्या त्यांच्या डॉक्टरांनी सुचवलं, तर मुकादमकाका मान खाली घालून म्हणाले, ज्याच्याकडे समाजाचं देणं आहे त्याचं नाव वाचता येत नाही, आम्हीच केलेला नियम आहे. पागडीपैकी एकशेदहा रुपये अजून बाकी होते. दुसऱ्या आठवड्यात यजमान पायी कामावर जाऊ लागले, तेव्हा मला कळलं की सायकल विकली. मी माझे काज-बटणाचे पैसे त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी मोजले आणि त्यात त्यांचे मिसळले.

गेल्या रविवारी आम्ही तिघं मुकादमकाकांकडे गेलो. मुकादमकाकांनी पैसे दोनदा मोजले. यजमानांनी विचारलं, "आता नाव वाचाल ना?"

"वाचीन."

"आणि कद्दिश हा म्हणेल." यजमानांनी एझ्राच्या डोक्यावर हात ठेवला.

मुकादमकाकांनी एझ्राकडे पाहिलं. "ह्याची अजून..." म्हणाले आणि थांबले.

"नाही झाली," यजमान म्हणाले. "होणारही नाही."

इतक्या वर्षांत न निघालेलं ते उत्तर असं सहज निघालं. मुकादमकाका बराच वेळ नोटांच्या कडा सारख्या करत राहिले. मग म्हणाले, "येऊ दे. पुढच्या बाकावर बसव त्याला, मागून पोरांचा आवाज येत नाही." त्यांनी पैसे पेटीत ठेवले, हझानकाकांच्या नावापुढे शेवटची रक्कम लिहिली, खाली रेघ मारली आणि यजमानांना सांगितलं, शलोमोकडे आता समाजाचं काही येणं नाही.