पवनेकाठचा अमेरिकन बंगला

चिंचवडच्या पुढं पवनेच्या काठावर एका अमेरिकन इंजिनिअरनं बांधलेला बंगला होता. उतरतं छप्पर, तिन्ही बाजूंनी रुंद व्हरांडा, आणि आपल्या मुलखात कधी पेटवावी लागत नाही अशी भिंतीतली शेकोटी. साहेब वारले. बाई मायदेशी परत निघाल्या आणि बंगला विकायला निघाला. कारखाने नुकते येऊ लागले होते, तेव्हाची ही गोष्ट.

मला तो बंगला राहायला हवा होता. नगरकडून मोकळ्या हातानं येऊन मी जुन्या इमारतींच्या लाकडाची वखार टाकली होती. वखारीमागं पत्र्याच्या दोन खोल्यांत आमचा संसार होता. बंगल्याबद्दल मनातलं मी कुणालाच सांगितलं नाही. घेणाऱ्यानं आवड दाखवली की भाव चढतो. चाकणच्या बैलबाजारात दलालांच्या मागं हिंडून मी हे शिकलो होतो. घ्यायचा त्या बैलाला आधी लंगडा म्हणायचं, मग उठून चालू लागायचं. विकणारा हाक मारतोच. दोनदा उठल्याशिवाय झालेला सौदा मी पाहिलेला नाही.

बाईंनी व्हरांड्यात बसवून चहा दिला. त्यांचं मराठी पुस्तकातून शिकलेलं होतं. त्यांनी अमेरिकेतल्या सासरच्या घराचे फोटो दाखवले. दगडी खांब, घोड्यांच्या पागा, नजर पुरणार नाही एवढी बाग. वारसांना ते झेपेना, म्हणून एका संस्थेला दिलेलं.

"आता तिथे परिषदा भरतात," बाई म्हणाल्या. "भोजनगृहात भाषणे होतात."

"मग झोपतं कोण तिथं?"

"कोणी नाही. पण घर उभे आहे."

मला हसू आलं. एवढं घर बांधायचं आणि लोकांना भाषणं करायला द्यायचं! मी फोटो बाजूला सारून कामाला लागलो. म्हटलं, "बाई, तुमचं सागवान पोकळ वाजतंय. कौलं गेलीत. पूर आला की नदी आत येणार. पाडून लाकूड विकलं तरच माझं काही सुटेल."

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि भाव सांगितला. मी निम्म्यानं मागितला. त्यांनी मान हलवली. मी टोपी घातली आणि उठलो. "राहू द्या मग. राम राम."

पायऱ्या सावकाश उतरलो. फाटकाशी वहाणेचा अंगठा नीट करायला वाकलो. हाक आली नाही. मागं वळलो असतो तर पत गेली असती. म्हटलं, उद्या माणूस धाडतील.

माणूस आला, पण बऱ्याच दिवसांनी. त्यांचा म्हातारा खानसामा वखारीत आला, तो खोकी बांधायला फळ्या न्यायला. बोलता बोलता म्हणाला, "बंगला गेला, शेठ. नव्या कारखान्यानं घेतला. साहेब लोकांच्या बैठका होणार तिथं." भाव विचारला. मी मनात धरला होता त्याच्याहून कमी!

तसाच सायकलवर गेलो. बाई सामान बांधत होत्या.

"बाई, हा कुठला न्याय? याच्यापेक्षा जास्त मी दिले असते!"

"आपण तसे म्हणाला नाहीत."

"मनातला भाव कुणी तोंडानं सांगतं का?"

"आणि आपण घर पाडणार होता."

"ते म्हणायचं असतं! बोलणी चालली होती आपली."

"मला वाटले, संपली. आपण राम राम म्हणालात."

"मग हाक मारायची! एवढी वर्षं या मुलखात काढलीत, एवढं कळू नये?"

खानसामा पेटीत कपबशा ठेवत होता. त्यानं मान वर केली नाही. बाईंनी हातातलं सामान खाली ठेवलं.

"आपल्याला राहायला हवे होते का?"

"हो. राहायलाच."

"मग मी आणखी कमी किमतीत दिले असते," बाई म्हणाल्या. "आता सही झाली."

सायकल घेऊन परत आलो. बायको भाकऱ्या थापत होती. तिला झालं ते सगळं सांगितलं.

"म्हंजी, तुमाला ऱ्हायला हवा व्हता त्यो?"

"मग काय तर!"

"मला तर म्हनला पाडायचाय. म्या समद्यास्नी तेच सांगत बसले."

"धंद्यातलं मी घरात बोलत नसतो."

"मग ऱ्हावा आता हितंच," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

मी तिच्यावर ओरडलो. वास्तविक तिचा काय दोष? सगळा दोष त्या बाईचा. दारातून उठून गेलेल्या माणसाला हाक मारत नाहीत, ही कुठली रीत?